दुरुस्तीचा काळ

बिघाडाबद्दल लिहिणं सोपं असतं. यंत्र बंद पडलंय, गटार तुंबलंय, हिशेब जुळत नाही, असं एक वाक्य वर्तमानकाळात टाकायचं आणि मोकळं व्हायचं. ज्याला शंका असेल त्यानं येऊन बघावं. दुरुस्तीबद्दल लिहिणाऱ्याची पंचाईत वेगळी. त्याच्याजवळ दाखवायला काही उरलेलंच नसतं. जे नाहीसं झालं त्याचा दाखला द्यायचा, तोही दूर बसलेल्या अशा माणसाला, ज्यानं बिघाड सोसला पण दुरुस्ती पाहिली नाही. मग सगळा भार क्रियापदावर येतो, आणि ते क्रियापद परक्या भाषेतलं असेल तर लिहिणारा कळफलकावर बोटं ठेवून नुसता बसून राहतो.

सुरतेत असे बसून राहणारे पुष्कळ आहेत. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. आजोबा लूमवर उभे राहिले, वडील डाइंग मिलमध्ये गेले. नातू हिऱ्याच्या लेझर मशीनची सर्व्हिस करतो, कापडाच्या निर्यातीचा पत्रव्यवहार सांभाळतो, नाहीतर सॉफ्टवेअर लिहितो. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, शाळेत मराठी, कारण सुरतेची महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. आणि गिऱ्हाईक अँटवर्पला किंवा न्यू जर्सीला असलं तर त्याच्यासाठी इंग्रजी. माझा एक भाचा अशाच एका कचेरीत आहे. त्यानं एकदा फोनवर विचारलं, “मामा, ‘वॉज फिक्स्ड’ लिहू की ‘हॅज बीन फिक्स्ड’?”

“आज चालवून पाहिलंस का?”

“पाहायचं कशाला? काल झालंय ते.”

‘काल झालंय’ या दोन शब्दांत मराठी माणसाच्या इंग्रजीची अर्धी कुंडली आहे. मराठीत त्यात काहीच खटकत नाही. ‘झालं आहे’ या पूर्ण वर्तमानाला आपण बिनदिक्कत ‘काल’ जोडतो, ‘मागच्या सोमवारी’ जोडतो, एखादं जुनं सालसुद्धा जोडतो. इंग्रजीचा पूर्ण वर्तमान मात्र तारखेला शिवून घेत नाही. ‘यस्टरडे’ आला की ‘हॅव’ने बाहेर पडायचं. शाळेत हा नियम पाठ करून घेतात, कारण सांगत नाहीत. कारण असं, की ‘हॅज बीन फिक्स्ड’ म्हणताना इंग्रजी माणूस आजच्याबद्दल बोलत असतो. घटना मागे घडली खरी, पण वाक्याचा पाय आजच्या दिवसावर आहे. दुरुस्ती झाली आणि ती या क्षणी टिकून आहे, अशी हमी त्यात येते. ‘वॉज फिक्स्ड ऑन मंडे’ एवढंच सांगतं, की सोमवारी कुणीतरी हात लावला. मंगळवारचं मंगळवारी.

दुसरी अडचण ‘होतं’ची. “तो प्रॉब्लेम मी काल सोडवला होता” हे आपण सहज म्हणतो. “मी काल सुरतेला गेलो होतो” म्हणतो तसंच. मराठीत ‘होतो’ लावलं की गोष्ट घडून संपली, माणूस घरी परतला. इंग्रजीत ‘हॅड’ लावलं की वाचणारा पुढच्या घटनेची वाट पाहू लागतो. दोन गोष्टी घडल्या असतील, त्यांतली आधीची सांगायची असेल, तेव्हा त्यांचा ‘हॅड’ येतो. ‘आय हॅड फिक्स्ड द प्रॉब्लेम’ एवढंच वाचून परदेशातलं गिऱ्हाईक धास्तावतं: होतं म्हणजे? पुन्हा बिघडलं की काय? इकडचा माणूस बिचारा समाधानानं डबा उघडून जेवायला बसलेला असतो आणि तिकडून तीन प्रश्नचिन्हांचा मेल येतो.

तिसरी खोड याहून गमतीची आहे. मराठी माणूस घरातून निघण्याआधी “निघालो” म्हणतो, जिना चढायच्या आधी “आलोच” म्हणतो, आणि कामाला हात घालण्याआधी “झालंच समजा” म्हणतो. भूतकाळ हा आपल्याकडे वचन द्यायलाही वापरतात. सुरती गुजराती काही मागे नाही. तिथं ‘थई जशे’ आणि ‘थई गयुं’ यांच्यामधलं अंतर बोलणाऱ्याच्या उत्साहावर ठरतं, आणि आमच्या अहिराणीतलं ‘व्हई गयं’ त्याच जातकुळीचं. समोरासमोर कुणी फसत नाही, कारण सूर ऐकू येतो, चेहरा दिसतो. पण हेच ‘डन’ होऊन मेलमधून गेलं की सूर गळून पडतो आणि भूतकाळ तेवढा उरतो.

सुरतेचा आणि मराठी व्याकरणाचा एक जुना धागा इथं आठवतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 मध्ये प्रसिद्ध झालं. मराठीच्या नामा-क्रियापदांना शिस्तीनं रांगेत उभं करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी ते एक. पुढच्या दशकात ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत होते. गुजराती समाजसुधारक दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी 22 जून 1844 रोजी तिथं मानवधर्म सभा काढली. ही सभा मांत्रिकांना आणि जादूटोणा करणाऱ्यांना उघड आव्हान देई, की तुमच्या मंत्रात सामर्थ्य असेल तर आमच्यादेखत सिद्ध करा. मला या आव्हानात व्याकरण्याचा स्वभाव दिसतो. ‘भूत उतरवलं’ हे मांत्रिकाचं विधान साध्या भूतकाळातलं आहे. त्यानं लिंबू कापलं, राख फुंकली, पैसे घेतले, इतपत ते खरंही असतं. ‘भूत उतरलं आहे’ म्हणायचं तर रोगी समोर उभा करावा लागतो. दादोबांनी हे काही या शब्दांत मांडलेलं नाही, ही जोड माझी. पण काळांची कोष्टकं आखणारा माणूस ‘दाखवा’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत बसावा, याचं मला नवल वाटत नाही.

दादोबांच्याही सव्वादोनशे वर्षं आधी, या देशात इंग्रजीत कामकाजाची पत्रं लिहिण्याचा मोठा कारखाना सुरतेतच उघडला. 1613 मध्ये इंग्रजांच्या वखारीला मोगलांची परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून वखारीचे अध्यक्ष आणि त्यांचं मंडळ लंडनच्या कंपनीला अडचणी कळवत राहिले, निवारलेल्याही आणि न निवारलेल्याही. विल्यम फॉस्टर यांनी 1618 ते 1669 या काळातल्या वखारींच्या कागदपत्रांचे 13 खंड तयार केले, त्यांचा फार मोठा भाग सुरतेच्या तक्रारींनी भरला आहे. जहाज थंडीत निघे, लंडनला पोचायला सहा-सात महिने लागत, आणि उत्तर हाती यायला वर्ष उलटून जाई. अशा पत्रात ‘आहे’ लिहायचं म्हणजे धाडसच. शाई वाळेपर्यंत आहे, केप ओलांडेपर्यंत देव जाणे.

रोमन लोकांनी यावर एक तोडगा काढला होता. सिसेरोच्या काळातली लॅटिन पत्रं पाहिली तर लिहिणारा कधीकधी वाचणाऱ्याच्या दिवसाला धरून काळ योजतो. ‘मी हे लिहितो आहे’ याऐवजी ‘लिहीत होतो’, कारण पत्र उघडलं जाईल तेव्हा ते लिहिणं जुनं झालेलं असेल. किती मोठी नम्रता आहे ही! माझा आज हा तुझा आज नव्हे, हे व्याकरणातच कबूल करून टाकलेलं. इंग्रजीनं ही रीत उचलली नाही. इंग्रजी पत्रानं आपली सगळी प्रामाणिकता डोक्यावरच्या तारखेत ठेवली आणि खाली काळांना मोकळं सोडलं. आजच्या मेलवर तारीख आणि वेळ आपोआप उमटते म्हणून आपण ती वाचतही नाही. वाचली तरी ती मेल पाठवल्याची वेळ असते, दुरुस्ती तपासल्याची नसते.

सुरतेच्या इतिहासात न तपासलेल्या दुरुस्तीचं एक ठसठशीत उदाहरण आहे, आणि मराठी वाचकाला ते जरा वेगळ्या बाजूनं पाहावं लागेल. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. मग औरंगजेबाच्या हुकमानं शहराभोवती पक्का तट उभारला गेला. 1670 च्या ऑक्टोबरात मराठे परत आले आणि शहर पुन्हा लुटलं गेलं. तटामागे लढायला पुरेशी माणसंच नव्हती. ‘तट बांधला’ हे विधान अक्षरशः खरं होतं. ‘बंदोबस्त झाला आहे’ हे खरं नव्हतं. आपण दुसऱ्या लुटीचा इतिहास अभिमानानं वाचतो, म्हणून या दोन विधानांमधली ही फट सहसा आपल्या नजरेत भरत नाही.

फट ओळखण्याची तयारी आपल्या परंपरेत मात्र फार जुनी आहे. पाणिनीनं संस्कृतच्या भूतकाळाला तीन दारं ठेवली. लुङ् हा सर्वसाधारण भूतकाळ, त्यात आजचंही येतं. लङ् हा आजच्या दिवसाबाहेरचा. आणि लिट् हा आजच्या बाहेरचा, शिवाय परोक्ष, म्हणजे बोलणाऱ्यानं स्वतः न पाहिलेला. घटना केव्हा घडली याच्या जोडीला ‘तू तिथं होतास का’ हा प्रश्न क्रियापदाच्या पोटातच घातलेला. नंतरच्या लेखकांनी हे भेद फारसे पाळले नाहीत, तो भाग निराळा.

पतंजलीच्या महाभाष्यात यावर झालेली चर्चा कुठल्याही तक्रार विभागानं वाचावी अशी आहे. तिथं विचारलंय, की माणसाला स्वतःचीच कृती परोक्ष कशी असू शकेल? उत्तर असं, की झोपेत किंवा नशेत असू शकते. आणि जागेपणीही असू शकते, कारण शाकटायन नावाचा वैयाकरण रस्त्याच्या कडेला बसला होता, समोरून गाड्यांचा तांडा गेला आणि त्याला तो दिसला नाही. मन जाग्यावर नसेल तर डोळ्यांसमोरचंही परोक्षच. दुसरा मुद्दा त्याहून तिखट आहे. एखादी गोष्ट साफ नाकारायची असेल, ‘मी त्या देशाला गेलोच नाही’ असं कानांवर हात ठेवून सांगायचं असेल, तर तिथंही लिट् चालतो. पुरावा नसणं आणि हात झटकणं एकाच काळात बसवलेलं! इंग्रजीतले अहवाल ‘मिस्टेक्स वेअर मेड’ म्हणतात, तेव्हा मला महाभाष्यातली ही जागा आठवते. चूक होते कर्त्याशिवाय. दुरुस्ती मात्र ‘वी फिक्स्ड इट’, छाती पुढे काढून. मराठीत निदान ‘माझ्या हातून झालं’ अशी एक मधली वाट आहे. हात माझा, इरादा नव्हता. इंग्रजीत ती वाट नीट सापडत नाही, म्हणून इंग्रजी लिहिणाऱ्यानं सरळ ‘वी ब्रोक इट’ लिहावं. वाचणाऱ्याचा राग निम्मा तिथंच उतरतो.

शब्दांच्या निवडीबद्दल थोडं. ‘फिक्स’ सुरतेच्या बाजारात ऐकावा. भाव फिक्स, पगार फिक्स: जे आता हलणार नाही ते. इंग्रजीतही या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट बसवणं हाच आहे, त्यामुळे ‘फिक्स्ड प्रॉब्लेम्स’ असा मथळा देऊन पाठवलेली यादी कुणी ‘कायमच्या अडचणी’ अशी वाचली तर त्याला दोष देता येणार नाही. पण खरी कसोटी गुणवत्तेच्या कागदांवर लागते. परदेशी माल पाठवणाऱ्या कारखान्यांना परिचित असलेल्या आयएसओच्या परिभाषेत ‘करेक्शन’ आणि ‘करेक्टिव्ह ॲक्शन’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सापडलेला दोष काढला ते करेक्शन. दोषाचं कारण काढलं, म्हणजे तो पुन्हा येऊ नये अशी तजवीज केली, ती करेक्टिव्ह ॲक्शन. कापडावर डाग पडला, धुतला, गठ्ठा पाठवला: करेक्शन. डाग टाकणारा रोलर बदलला: करेक्टिव्ह ॲक्शन. फॉर्मवर दुसरा रकाना असतो, आणि पुष्कळदा त्यात पहिल्याच रकान्यातली माहिती वेगळ्या शब्दांत भरलेली असते.

सॉफ्टवेअरवाले या बाबतीत जास्त सावध निघाले. ‘बगझिला’ या दोष नोंदवण्याच्या जुन्या साधनात दुरुस्त करणारा तक्रारीवर ‘रिझॉल्व्हड’ असा शिक्का मारतो, आणि तपासणारा तपासून ‘व्हेरिफाइड’ म्हणतो. दोन पायऱ्या, दोन कृदन्तं. तिथं ‘वर्क्स फॉर मी’ असाही एक निकाल आहे: माझ्याकडे तर चालतंय बुवा. वर्तमानकाळ खरा, पण ‘माझ्याकडे’पुरता. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं ‘गिट’ वापरणाऱ्यांची रीत तर आणखी वेगळी. त्यांच्या संकेताप्रमाणे बदलाची टीप आज्ञार्थात लिहायची, ‘फिक्स’ म्हणजे ‘दुरुस्त कर’. ती टीप कुणी काय केलं हे सांगत नाही. हा बदल लावला तर काय होईल ते सांगते. माझ्या भाच्याची निम्मी अडचण इथंच होती. दिवसभर आज्ञार्थात लिहायचं आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाला तेच भूतकाळात सांगायचं, यात काळाची गफलत व्हायचीच.

क्रियापदांशी सर्वांत कडक वागले ते रोगराईशी लढणारे. देवीच्या रोगाचं ‘निर्मूलन झालं’ असं जागतिक आरोग्य परिषदेनं 8 मे 1980 रोजी जाहीर केलं, जगभर शोधून शोधून रुग्ण सापडेना तेव्हा. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा. ‘पोलिओमुक्त’ हा शब्द अधिकृतपणे मिळाला 27 मार्च 2014 रोजी. मधली तीन वर्षं नुसती पाहण्यात गेली. दुरुस्तीचं क्रियापद मिळवायला वाट पाहावी लागते, ही शिस्त मला कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडली नाही.

प्लेगला हे क्रियापद मिळालेलंच नाही, कारण तो रानातल्या उंदीरवर्गी प्राण्यांत दडून राहतो. 1966 नंतर भारतात त्याचा रुग्ण नोंदला गेला नव्हता आणि ‘प्लेग गेला’ असं आपण सर्व धरून चाललो होतो. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग असल्याचं आढळलं, आणि सप्टेंबरमध्ये, तापीच्या पुराचा चिखल ओसरत असतानाच, सुरतेत वेड रोडच्या बाजूनं फुप्फुसाचा प्लेग. काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांत जळगाव-धुळ्याच्या गाड्यांत बसलेले आपलेही असंख्य. हा प्लेगच होता का, यावर पुढे कितीतरी वर्षं वाद झाला. साथ आटोक्यात आली तेव्हा नेमका शब्द तोच होता: आटोक्यात.

नंतर जे झालं त्यानं काळाचा आणखी एक धडा दिला. मे 1995 मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, विभागप्रमुखांना पैशाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले, आणि अधिकाऱ्यांनी रोज सकाळी रस्त्यावर उतरायचं हा दंडक घातला. या पद्धतीला त्यांनी ‘एसी टू डीसी’ असं खट्याळ नाव दिलं: एअर कंडिशन्ड खोलीतून डेली चोअर्सकडे. 1996 मध्ये ‘इंटॅक’ या संस्थेनं सुरतेला चंदिगडनंतरचं देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. आता हे इंग्रजीत लिहायचं तर कोणत्या काळात? ‘सुरत वॉज क्लीन्ड’ म्हणजे कधीतरी झाडलं. ‘हॅज बीन क्लीन्ड’ म्हणजे झाडून झालं, घरी चला. दोन्ही चुकीचे. अचूक काळ साधा वर्तमान: रोज रात्री रस्ते झाडले जातात. काही अडचणी सुटत नसतातच, त्या रोज लांब ठेवाव्या लागतात, आणि त्यांच्यासाठी इंग्रजीतला सर्वांत कंटाळवाणा काळ लागतो, जो शाळेत पहिल्या आठवड्यातच उरकलेला असतो.

तापीच्या बाबतीत हा काळ विसरला गेला. 1972 मध्ये उकाई धरण पुरं झालं. पूर रोखणं हाही त्याचा एक हेतू होता. तेव्हापासून ‘पुराचा प्रश्न सुटला आहे’ ही भावना नदीकाठच्या बांधकामांत विटा-सिमेंटनं लिहिली गेली. 2006 च्या ऑगस्टमध्ये खानदेशात आणि त्याच्या वर मुसळधार पाऊस झाला, उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं, आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. धरण बांधलं होतं. धरण आजही आहे. पण पूर रोखणं हे बांधण्याच्या क्रियापदात नव्हतं. ते दर पावसाळ्यात जलाशयात किती जागा रिकामी ठेवायची, पाणी केव्हा सोडायचं, या दर तासाच्या निर्णयांत होतं.

भाच्याला मी शेवटी सांगितलं ते असं. दुरुस्ती कळवताना साधा भूतकाळ लिही, आणि त्याला तारीख जोड: अमुक दिवशी अमुक भाग बदलला. कर्ता लिही, ‘आम्ही’ म्हणायला लाजू नको, विशेषतः बिघाड आपल्या बाजूचा असेल तेव्हा. ‘हॅज बीन फिक्स्ड’ ज्या दिवशी स्वतः चालवून पाहिलं असेल त्याच दिवशी लिही. दुसऱ्या दिवशी ते वाक्य शिळं होतं. ‘हॅड’ शक्यतो नकोच. आणि जे दर आठवड्याला तेल घातल्याशिवाय चालणार नाही त्याला ‘रिझॉल्व्हड’ म्हणू नको. ‘आम्ही दर सोमवारी तपासतो’ असं लिही, आणि मग दर सोमवारी तपास. तो म्हणाला, मामा, एवढं लिहिलं तर साहेब म्हणतील की मेल लांबला. लांबू दे.